क्लोरीनचा वास आला म्हणजे पाणी स्वच्छ?

प्रश्न : दोन महिने झाले, रोज सकाळी पब्लिक पूलला जातेय. आत शिरलं की क्लोरीनचा असा भपकारा येतो की नाक झोंबतं आणि बाहेर येईपर्यंत डोळे लालभडक. मैत्रीण म्हणते वास येतोय ना, मग पाणी एकदम स्वच्छ. खरंय का? हल्ली उजवा कान पण सारखा खाजतो, बड्सने साफ केलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

उत्तर : अहो, उलटं आहे ते. नीट राखलेल्या पूलला फारसा वास येतच नाही. घाम, अंगाला चोपडलेली क्रीमं आणि (सांगायला लाज वाटते पण हो) पाण्यात केलेली शू, यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं, भपकारा त्याचा आणि डोळेही त्यानेच चुरचुरतात. वर जेवढं क्लोरीन घामात खर्ची पडतं तेवढं जंतू मारायला कमी उरतं. म्हणून उतरण्याआधी शॉवर घ्यायचा, नुसता एक मिनिट घेतला तरी अंगावरची बरीचशी घाण निघून जाते, पण लोक काय करतात तर शॉवरखाली एक हात धरतात, छातीला दोन थेंब लावतात आणि धप्पकन उडी. डोक्यावरूनही पाणी घ्या, साध्या पाण्याने आधीच भिजलेले केस पूलचं पाणी कमी पितात.

पाण्याकडे एकदा बघून घेत जा, तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी सरळ घरी. टेस्ट स्ट्रिप बुडवून बघायची हौस असेल तर फ्री क्लोरीन (म्हणजे जंतू मारायला मोकळं उरलेलं) किमान 1 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) 7 ते 7.8 च्या मध्ये हवा.

आता कान. बड्स आजपासून बंद! कानातला मळ म्हणजे आतल्या कातडीचा रेनकोट, तोच तुम्ही रोज खरवडून काढताय, मग पाणी साचून मऊ पडलेल्या कातडीवर ओरखडा उठतो आणि जंतू आत शिरतात. पोहून झालं की डोकं तिरकं करून पाळी जरा इकडेतिकडे ओढा, पाणी आपोआप ओघळतं, मग बाहेरून टॉवेलने टिपा. पाळी ओढल्यावर दुखतंय किंवा कान वाहतोय असं असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा, मनाने ड्रॉप्स घालू नका, पडद्याला भोक असेल तर भलतंच व्हायचं.

प्रश्न : मुलाचे जुलाब कालच थांबले. शनिवारी पूलला नेऊ का? पाण्यात क्लोरीन असतंच ना!

उत्तर : नको. बरेचसे जंतू क्लोरीनमध्ये काही मिनिटांत मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक चिवट परजीवी आहे, त्याला जाड कवच असतं आणि व्यवस्थित क्लोरीन असलेल्या पाण्यातही तो 7 दिवसांहून जास्त जगतो. जुलाब थांबले तरी तो शौचावाटे पडत राहतो, आणि दुसऱ्या पोराने त्या पाण्याचा एक घोट गिळला की झालं. क्रिप्टो निघाला असेल तर जुलाब थांबल्यापासून पूर्ण 2 आठवडे थांबायचं, टेस्टच केली नसेल तर मी तरी तेवढेच दिवस थांबा म्हणेन. स्विम डायपरने जंतू अडत नाहीत हेही सांगून ठेवते.

प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहलं तर चालतं का? वर गॉगल असतो.

उत्तर : काढूनच जा. लेन्सखाली अकॅन्थअमीबा नावाचा पाण्यातला सूक्ष्म जीव अडकला तर बुबुळाला जखम होते आणि ती महिनोन्महिने बरी होत नाही. नंबरचा स्विमिंग गॉगल मिळतो की!