वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलचा रात्रीचा उजेड

मोटारसायकलच्या दिव्यांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : उजेड पुरत नाही, तेव्हा कोणता बल्ब घालावा? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहोत.

प्रश्न : माझ्या मोटारसायकलला ६०/५५ वॅटचा (अपर, म्हणजे लांबचा झोत, ६० आणि डिपर, म्हणजे जवळचा झोत, ५५) एच-४ हॅलोजन बल्ब आहे. गाडी जुनी आहे आणि डिपरवर रस्ता पिवळट, मंद दिसतो. मेकॅनिकने १००/९० वॅटचा बल्ब सुचवला आहे. तो घालावा का?

उत्तर : घालू नये, निदान एक मोजमाप केल्याशिवाय तर नाहीच. इंजिन चालू ठेवून प्रवासात असते तितकी गती द्यावी, हेडलाइट लावावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांमधले व आवरण काढून बल्बच्या पिनांवरचे व्होल्टेज नोंदवावे. चार्जिंग नीट असेल तर बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसतात. बल्बवर त्याहून एक-दीड व्होल्ट कमी मिळत असतील, तर दोष बल्बचा नसून त्याच्यापर्यंत येणाऱ्या वाटेचा आहे. हॅलोजन बल्बच्या बाबतीत ही घट फार महागात पडते, कारण त्याचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले की उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो आणि शिवाय पिवळा पडतो. आपण वर्णन केलेले लक्षण हेच आहे.

५५ वॅटचा डिपर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह ओढतो. हा सगळा प्रवाह बारीक वायर, चावीचा स्विच, हँडलवरचा अपर-डिपरचा स्विच आणि तीन-चार कनेक्टर यांतून फिरून येतो. वाटेत सगळे मिळून ०.३ ओहमचा रोध जरी साठला, तरी सुमारे १.४ व्होल्ट तेथेच संपतात. बल्बच्या मागचा कनेक्टर ओढून काढून पाहावा. त्याचे प्लॅस्टिक एका पिनेपाशी तपकिरी पडलेले किंवा किंचित वितळून आत बसलेले दिसले, तर त्या जागी बराच काळ उष्णता निर्माण होत होती, म्हणजेच उजेडाचा वाटा तेथे जळत होता. असा कनेक्टर साफ करून वापरू नये, बदलावा.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे रिले, म्हणजे थोड्याशा प्रवाहाने चालून मोठा प्रवाह जोडणारा विजेचा स्विच. बॅटरीच्या धन टोकापासून दीड ते दोन चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी, टोकाच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा आणि ती रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला जोडावी. ८७ क्रमांकाच्या पिनेपासून तितकीच जाड वायर बल्बकडे न्यावी. स्विचकडून येणारी गाडीची मूळ वायर आता फक्त रिलेचे कॉइल चालवते : ती ८६ वर आणि ८५ अर्थला, म्हणजे ऋण बाजूला. अपरसाठी एक व डिपरसाठी एक, असे दोन रिले लागतात. अर्थची वायरही तेवढीच जाड हवी आणि ती थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत परत जायला हवी. रिले बसवूनही फरक पडला नाही, असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी धन बाजू जाड करून अर्थ मात्र जुनाच, गंजलेल्या बोल्टवर, ठेवलेला असतो.

काही लहान व जुन्या गाड्यांत हेडलाइटला वीज बॅटरीतून न येता मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून थेट एसी रूपात येते. इंजिनाच्या गतीबरोबर उजेड वरखाली होत असेल आणि मीटर एसीवर लावल्यावरच बल्बवर नीट आकडा दाखवत असेल, तर वरील जोडणी तशीच करून चालणार नाही. आधी चार्जिंगची व्यवस्था डीसीवर आणावी लागते आणि ते काम जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

आता १००/९० वॅटच्या बल्बविषयी. त्याचा अपर ८ अँपिअरहून अधिक प्रवाह मागतो. आपल्या गाडीचे वायरिंग ५५ वॅटलाच दमलेले असेल, तर जादा वॅट उजेडात न जाता स्विच आणि होल्डर तापवण्यात जातील. उष्णतेने रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडेल आणि अल्टरनेटरची (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) क्षमता बेताची असली तर बॅटरी हळूहळू उतरत जाईल ते वेगळेच. एच-४ प्रकाराला मान्यता ६०/५५ वॅटचीच आहे. त्याच वॅटमध्ये अधिक तेजस्वी फिलामेंटचे चांगले बल्ब मिळतात. त्यांचे आयुष्य कमी असते, पण रात्री नियमित प्रवास करणाऱ्याने हा व्यवहार करायला हरकत नाही. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापलेल्या क्वार्ट्झवर डाग धरते आणि तेथून काच कमकुवत होते.

बल्ब काढलेलाच आहे तर टॉर्च टाकून रिफ्लेक्टरही पाहावा. तो करडा किंवा फोडाळलेला दिसत असेल तर कोणताही बल्ब त्याला वाचवू शकत नाही. धूळ असेल तर फक्त हवेचा झोत मारावा. तो अॅल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर असतो आणि कापडाने पुसला की कापडाबरोबर निघून येतो.

प्रश्न : मी एच-४ च्या जागी थेट बसणारा एलईडी बल्ब घातला. उजेड पांढराशुभ्र आणि खूप जास्त वाटतो, परंतु समोरून येणारे सारखे अपर मारून मला खुणावतात. शिवाय पावसात रस्ता आधीपेक्षाही कमी दिसतो. यात नेमके काय चुकते आहे?

उत्तर : समोरच्यांची तक्रार खरी आहे. हेडलाइटमध्ये उजेड निर्माण करणे हे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे रिफ्लेक्टर करतो आणि तो एका ठरावीक जागी असलेल्या, ठरावीक आकाराच्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एच-४ बल्ब हातात घेऊन पाहिल्यास डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी पन्हळ दिसेल. ती उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडूच देत नाही आणि त्यामुळेच डिपरच्या झोताला वरून स्पष्ट कड मिळते. एलईडीची चिप मिलिमीटरभर पुढेमागे असली, तिची जाडी फिलामेंटहून जास्त असली किंवा ती पन्हळ नावापुरतीच असली, की ही कड विस्कटते आणि जो उजेड रस्त्यावर जायचा तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

यातले थोडे आपल्या हाती आहे. अनेक एलईडी बल्बांची कॉलर सैल करून बल्ब फिरवता येतो. बल्ब बसल्यावर चिपा डाव्या-उजव्या बाजूंना तोंड करून असाव्यात, वर-खाली नव्हे. मग गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी, टायरमध्ये योग्य हवा असावी आणि नेहमीचा चालक सीटवर बसलेला असावा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी. डिपरची वरची कड या खुणेच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे कोणी बसले की गाडीचे नाक उचलले जाते आणि कड वर सरकते, म्हणून नेहमी दोघांनी प्रवास करणाऱ्यांनी दोघे बसूनच हे माप घ्यावे. भिंतीवर कडच सापडत नसेल, नुसताच पांढरा धुरळा दिसत असेल, तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरसाठी नाही, असे समजून काढून टाकावा. ही परीक्षा हॅलोजनलाही करावी, कारण जुन्या गाड्यांतले पुष्कळ हेडलाइट मंद नसतात, नुसते खाली झुकलेले असतात.

उजेड जास्त वाटतो, यातही एक फसगत आहे. असे बल्ब पुष्कळदा चाकापुढचे पाच-दहा मीटर झगझगीत उजळतात. डोळा त्या उजेडाला सरावून बाहुली आकसतो आणि पुढचा अंधार अधिकच दाट होतो. ताशी ६० किलोमीटरला, दीड सेकंद प्रतिक्रियेत गेला असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर थांबायला पन्नासेक मीटर लागतात आणि ताशी ८० ला ७० मीटरहून अधिक. खड्डा किंवा बसलेले जनावर त्या अंतरावर दिसायला हवे, पायापाशी नव्हे. पावसाचा प्रश्न दोन कारणांनी येतो : ओला रस्ता उजेड आपल्याकडे परत न पाठवता आरशासारखा पुढे फेकतो, आणि कड नसलेल्या झोताचा वर जाणारा भाग थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. सुमारे ६००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा मोठा तितका प्रकाश निळसर) निळसर पांढरा प्रकाश थेंबांवरून परतताना डोळ्यांना अधिक टोचतो. हॅलोजनचा प्रकाश ३२०० केल्विनच्या आसपास असतो.

एलईडी हवाच असेल तर बल्ब बदलण्याऐवजी एलईडीसाठीच घडवलेला, मान्यतेची खूण काचेवर उमटवलेला संपूर्ण हेडलाइट बसवावा. तो महाग पडतो, पण पैसे उजेडाला लागतात, नुसत्या चमकेला नाही. मान्यतेचे नियम देशोदेशी वेगळे असल्याने बसवण्यापूर्वी आपल्याकडचा नियम तपासावा.

प्रश्न : हेडलाइटमधला छोटा पार्किंग लाइट ५ वॅटचा आहे. तेथे एलईडी घातल्याने रस्ता अधिक दिसेल का?

उत्तर : दिसणार नाही. पार्किंग लाइट आपल्याला दिसण्यासाठी नसून आपण इतरांना दिसावे यासाठी असतो. मात्र तेवढ्यासाठी एलईडी चांगलाच आहे : एक-दीड वॅटमध्ये काम होते आणि हादऱ्यांनी फिलामेंट तुटण्याची भीती राहत नाही. हेडलाइटचा बल्ब भर रस्त्यात गेला, तर समोरच्याला आपले अस्तित्व कळवणारा तोच एक दिवा उरतो, म्हणून तो चालू आहे की नाही हे अधूनमधून पाहावे. रंग पांढरा घ्यावा; निळा नको. बसवूनही लागला नाही तर बिघडला असे समजू नये, बाहेर काढून उलटा फिरवून बसवावा, कारण एलईडीला धन-ऋण बाजू असतात. आणि त्याच उत्साहात इंडिकेटरचे बल्बही बदलले, तर ते घाईघाईने फडफडू लागतील. तेथे फ्लॅशर रिलेही, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा भागही, एलईडीचा घ्यावा लागतो.

प्रश्न : जोडीला दोन जादा दिवे लावायचे आहेत. ते कुठे आणि कसे लावावेत?

उत्तर : आधी आपल्याला लांबचे हवे आहे की बाजूचे, हे ठरवावे. लांबचे पाहायला अरुंद झोताचा स्पॉट लागतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, म्हणजे दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड हवा तर प्रखरता चौपट हवी, आणि ती झोत आवळूनच मिळते. वळणे आणि रस्त्याची कड पाहायला रुंद, आडवा, वरून कापलेला झोत बरा.

स्पॉटची जोडणी अपरबरोबर करावी, अशी की डिपर मारताक्षणी तेही विझतील. हँडलवर वेगळा स्विच दिला की समोरून गाडी आली असता तो बंद करायचे हटकून राहते. रुंद झोताचे दिवे हेडलाइटच्या खाली, एकमेकांपासून शक्य तितके दूर लावावेत. एकट्या दिव्यावरून समोरच्याला आपले अंतर आणि वेग ओळखणे कठीण जाते, तीन दिव्यांचा त्रिकोण दिसला की अंदाज बराच नीट येतो. क्रॅशगार्डवर लावताना क्लॅम्प हलत नाही ना, हे पाहावे. थरथरणारा झोत डोळ्यांना थकवतो.

सगळे दिवे लावून प्रवासाच्या गतीला बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट टिकत असतील तर अल्टरनेटरला हा भार पेलतो आहे. आकडा साडेबाराकडे घसरत असेल तर एखादी जोडी कमी करावी लागेल.

प्रश्न : हे सगळे करूनही समोरच्या वाहनांच्या उजेडाने डोळे दिपतात. काय करावे?

उत्तर : हेल्मेटची काच पाहावी. दिवसा न जाणवणारे बारीक ओरखडे रात्री प्रत्येक दिव्याभोवती तारा काढतात. धूळ कोरड्या कापडाने पुसल्यानेच ते पडतात, म्हणून काच ओल्या मऊ कापडाखाली थोडा वेळ ठेवून मग हलकेच पुसावी. ओरखडे खोल असतील तर काच बदलावी. गडद काच रात्री अजिबात वापरू नये. दिपणे कमी होते असे वाटले, तरी अंधारातले खड्डेही तिने तितकेच झाकले जातात.