बाईक गाड्यांच्या मधून काढायला परवानगी द्यावी का?

सिग्नलला सगळं थांबलेलं असताना हळूहळू पुढं यायला हरकत नाही, पण चालत्या ट्रॅफिकमधनं घुसवायला अजिबात नको. कॅलिफोर्नियानं २०१६ ला हे कायद्यात घेतलं, पण तिकडं गाड्या आपापल्या लेनमध्ये तरी असतात. आपल्याकडं सांगली-मिरज रोडला उसाचा सीझन चालू झाला की दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला, टेप एवढा मोठा की ड्रायव्हरला हॉर्न ऐकूच येत नाही, आणि पोरं त्याच्या नि एसटीच्या मधल्या फटीत गाडी घालतात. माझ्या भावाच्या हँडलला असंच उसाचं टोक अडकलं, ट्रॉलीच्या चाकापासून वीतभर लांब पडला ओ, अजून अंगावर काटा येतो. तेव्हापासनं मी ट्रॉलीच्या मागंच राहतो, उशीर झाला तरी चालतंय.