युक्काची रोपे माळावर लावावीत का?

प्रश्न : पोल्ट्रीत अमोनियाचा वास कमी व्हावा म्हणून युक्का पावडर वापरतो, पण ती महाग पडते. झाड वाळवंटातले आहे असे कळले. माझी मुरमाड जमीन पडून आहे. एक नर्सरीवाला रोपे देतो आणि पुढे खोडे विकत घेण्याची हमीही देतो. लावू का? (एक शेतकरी, ता. सांगोला)

उत्तर : लावू नका, आणि रोपांसाठी आगाऊ पैसे तर मुळीच देऊ नका.

तुमची पावडर ज्या झाडाची, तो मोहावे युक्का. कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया इथल्या वाळवंटी भागात तो आपोआप उगवतो. तिथली रानातली जुनी खोडे तोडून त्यांचा रस काढतात किंवा भुकटी करतात. खोडात सॅपोनिन हे साबणासारखा फेस करणारे द्रव्य असते, त्यासाठीच त्याला मागणी आहे. पण झाड फार सावकाश वाढते. तोडणीजोगे खोड व्हायला अनेक वर्षे लागतात. तेवढा काळ जमीन अडकवून ठेवणे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही.

रोप नीट पाहा. मोहावे युक्काचे पान ताठ, पिवळसर हिरवे, टोकाला तीक्ष्ण काटा आणि कडेने सुटलेले कुरळे धागे असतात. पानाचे टोक मऊ आणि कडा साफ असेल, तर तो बहुधा बंगल्यांसमोर लावतात तो मध्य अमेरिकेतला शोभेचा युक्का. पावडर त्याची होत नाही.

आणखी एक अडचण आहे. युक्काचे परागीभवन ठरावीक पतंग करतो. त्याची मादी पराग गोळा करून दुसऱ्या फुलात नेते, तिथे अंडी घालते आणि पराग स्वतः फुलात भरते. हा पतंग आपल्याकडे नाही, त्यामुळे घरचे बी धरण्याची आशा नाही.

पावडरीचा खर्च कमी करायचा तर आधी लिटर, म्हणजे पक्ष्यांखालची तुसाची गादी, कोरडी ठेवा. पाण्याचे गळके निपल त्याच दिवशी दुरुस्त करा, ओलीने ढेपा झालेले तूस काढून टाका, उरलेले रोज खालवर करा. थंडीतही पडदे पूर्ण बंद ठेवू नका. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले, तर पक्ष्यांना त्रास केव्हाचाच सुरू झालेला असतो. लिटर ओले असेल तर पावडर कितीही वापरली तरी पैसे वाया जातात. मात्रा पशुवैद्यकांना विचारूनच ठरवा.

मुरमाड रानात सीताफळ किंवा आवळा घ्या. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत दोन्ही बसतात. बांधावर युक्काच्याच कुळातली घायपात लावली, तर जनावरे आत शिरत नाहीत. अर्जासाठी सातबारा आणि आठ-अ घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा.