एचआयव्हीची औषधं सुरू आहेत, तरी भाचीचं वजन का वाढत नाही?

तुम्ही विचारलंय: भाची चार वर्षांची, औषधं वर्षभर सुरू, दोन्ही वेळा ताट भरून वाढता, तरी हातापायाच्या काड्या. आणि नातेवाईक म्हणतात, आईविना पोर, आजी नीट खायला घालत नसणार. मी कोल्हापुरात अशा मुलांच्या आहाराचंच काम करते. आजीला बोल लावणं आधी थांबवा.

विषाणूशी झगडताना शरीराची ताकद खर्ची पडते. वरून ठणठणीत दिसणाऱ्या मुलालाही साधारण 10 टक्के जास्त ऊर्जा लागते, वजन उतरत असेल तर 50 ते 100 टक्के जास्त. त्यात जुलाब असले तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

कागलकडची एक आजी आठवते. नात भाकरीचा घास घ्यायची नि थुंकायची. "लाडावलीय नुसती," आजी म्हणाली. मी पोरीला 'आ' करायला लावून बॅटरी मारली, तर जिभेवर नि टाळूवर दह्यासारखा पांढरा थर. बुरशी! आणि भाकरीला लावलेली कांदा-लसूण चटणी. (आपल्याकडे तिच्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, काय करणार.) औषधानं तोंड बरं झालं, तशी पोर दूधभात, अंडं, दाण्याचं कूट आणि गूळ मागून खायला लागली. भाचीचं तोंड आजच बघा.

टीबीही तपासून घ्या. लहान मुलांत खोकला असेलच असं नाही, नुसतं वजन अडलेलं असतं. घरात कुणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता अवघड प्रश्न. डोस रोज जातो का? पाहुणे आले की बाटली तांदळाच्या डब्यात लपते, जोतिबाला गेलं की घरीच राहते. लोकांना कळेल ही भीती मी समजू शकते, पण चुकलेल्या डोसांनी विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. शिवाय मुलांचा डोस वजनावर ठरतो. सीपीआर रुग्णालयाच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं) जाताना उरलेलं औषध सोबत न्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, तो कधी तपासला ते विचारा.

अंगणवाडीताईंकडून दंडाचा घेर मोजून घ्या. 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर बोट दाबल्यावर खड्डा राहिला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरी तुपाचा मारा करू नका. इतक्या खंगलेल्या पोराला सुरुवातीला थोडंथोडं, मोजूनच द्यावं लागतं.