विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलेला माणूस कुलसचिव, म्हणजे रजिस्ट्रार, होऊ शकतो का? आणि सगळं ऑनलाइन झाल्यावर या कामात उरलंय तरी काय?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच रुजू झालात आणि विभागातले जुने लोक सांगतात, "आता सगळं पोर्टलवर, आपल्या हातात काही राहिलं नाही." मी कोकणातल्या एका विद्यापीठात 1987 साली याच पदावर लागलो आणि 2022 मध्ये उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो. शेवटी शेवटी कुलसचिवपदाचा अतिरिक्त कार्यभारही माझ्याकडे होता. म्हणून लिहितोय.

आधी पदाचं बोलू. होता येतं, पण नुसत्या सेवाज्येष्ठतेवर नाही. कुलसचिवपद जाहिरात देऊन, निवड समितीपुढे मुलाखत घेऊन भरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे ही नेमणूक पाच वर्षांसाठी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषात पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के लागतात, आणि प्रशासनातून येणाऱ्याला 15 वर्षांचा अनुभव, त्यातली 8 वर्षं उपकुलसचिव किंवा समकक्ष पदावर. तुमचं शिक्षण बी.कॉम.वर थांबलं असेल तर एम.कॉम.ला यंदाच नाव घाला. मी ते चाळिशीत केलं आणि त्या पायी एक जाहिरात माझ्या हातची गेली.

आता दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर मला एका आडनावाने शिकवलं.

नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्याकडे नोंदणी रजिस्टर होतं. अर्जावरून नावं शाईने उतरवायची. एका मुलाचं आडनाव होतं कुळ्ये. आमच्या भागात हे आडनाव गावोगाव आहे, पण मी घाटावरून आलेला, मला वाटलं मुलाने घाईत चुकीचं लिहिलंय. मी आपला "दुरुस्त" करून कुळे लिहिलं. त्यावरून गुणपत्रिका, त्यावरून पदवी. वीस-बावीस वर्षांनी तोच माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मुलीची जात पडताळणी अडकली होती. बाकी सगळ्या कागदांवर कुळ्ये, वडिलांच्या पदवीवर कुळे, आणि समितीने विचारलं होतं की हे दोघे एकच कशावरून? मुलीचा व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश त्या प्रमाणपत्रावर लटकलेला. मी जुनं रजिस्टर मागवलं, पान उघडलं आणि अक्षर ओळखलं. माझंच.

मी त्यांना तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "मग साहेब, आता तुम्हीच सोडवा." मूळ अर्ज शोधायला चार दिवस लागले. तो सापडला म्हणून दुरुस्ती करता आली. चुकीच्या नावावर लाल शाईची एक आडवी रेघ, वर बरोबर नाव, बाजूला आदेशाचा क्रमांक, तारीख आणि सही. त्या दुरुस्तीच्या पत्रावर मुलीचं प्रमाणपत्र मुदतीत निघालं. मूळ अर्ज वाळवीने खाल्ला असता तर? आमच्याकडे हा प्रश्न दरवर्षीचाच. भिंती चार महिने ओल्या, गठ्ठ्यांना बुरशी, आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्या अभिलेख कक्षावरचे पत्रे उडाले तेव्हा आम्ही रजिस्टरं पाठीवर वाहून दुसऱ्या इमारतीत नेली. पानं सुटी करून पंख्याखाली वाळवायला दोन आठवडे लागले, आणि तेही वीज आल्यावर.

म्हणून सांगतो, पोर्टलवर नाव कोणी तरी टाइपच करतं. चूक तिथेही होते, आणि तिथे ती एका क्षणात दहा ठिकाणी जाते. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे मुलाने मिळवलेले श्रेयांक जिथे जमा होतात त्या ऑनलाइन खात्यात, डिजिलॉकरमध्ये, शिष्यवृत्तीच्या अर्जात. नवीन शैक्षणिक धोरणाने तर मुलाला एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबायची आणि पुढे परत यायची मुभा दिली आहे. तो काही वर्षांनी परत येईल तेव्हा त्याची नोंद सापडायला हवी, आणि ती त्याच्याच नावाची हवी.

प्रवेशाचं मात्र खरंच रूप पालटलं. पूर्वी जून-जुलैत मुलं शर्टाच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखले घेऊन यायची. सायक्लोस्टाइल केलेली गुणवत्ता यादी काचेच्या फळ्यात लागायची आणि पन्नास छत्र्या एकमेकींत अडकायच्या. ते दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. त्या खिडकीला ओळखी होत्या, पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्या चिठ्ठ्या मी स्वतः फायलीत लावल्या आहेत. सामाईक प्रवेश परीक्षा आणि केंद्रीय प्रवेश फेऱ्या आल्या आणि मंडणगडच्या आतल्या वाडीतला मुलगा ठाण्याच्या मुलाबरोबर एकाच यादीत आला. हे फार मोठं काम झालं.

पण खिडकीवर एक गोष्ट दिसायची. यादीत नाव आहे आणि फी भरायला पैसे नाहीत असा बाप कधी पुढे यायचा नाही. तो ऑफिस रिकामं होईपर्यंत व्हरांड्यात खांबाला टेकून उभा राहायचा. आमचे कक्ष अधिकारी पाच वाजता त्याला आत बोलवायचे, आणि हप्ते बांधून द्यायचे किंवा गरीब विद्यार्थी निधीतून सोय करायचे. पोर्टलला व्हरांडा नाही. जागा मिळाली आणि मुदतीत मूल आलं नाही, तर जागा पुढच्या फेरीत जाते, एवढंच.

एका वर्षी हर्णैच्या बाजूचा एक मुलगा असाच आला नाही. पहिल्या पसंतीची जागा मिळाली होती. ती मिळाली की ती घ्यावीच लागते, सोडली तर पुढच्या फेऱ्याही गेल्या. मुदत संपायला एक दिवस होता, मी सहज फोन लावायला सांगितला. मुलगा म्हणाला, "ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो. बाबा बोटीवर हायत, रेंज नाय." आपल्याकडे मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. प्रवेश जुलैत उरकायचे तेव्हा खलाशी बाप घरी असायचा. फेऱ्या ऑगस्टवर गेल्या आणि बाप समुद्रात गेला. हे वेळापत्रक आखणाऱ्याच्या डोक्यात कसं यावं? आम्ही मदत केंद्रावर त्याचा नंबर बदलून घेतला, दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो आला. तेव्हापासून प्रत्येक फेरीत संध्याकाळी "जागा मिळाली, हजर नाही" ही यादी छापून दोन लिपिकांना फोनवर बसवायचं असा मी नियम केला. कोणत्याही परिपत्रकात हे काम लिहिलेलं नाही. 2012 पासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ राज्यात पुढे असतं, आणि तरी ही मुलं अशा फुटकळ कारणांनी गळतात, याचा मला आजही त्रास होतो.

22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर दुय्यम प्रतीसाठी रांग लागली. एक बाई गुणपत्रिकांचा लगदा डब्यात घालून घेऊन आल्या होत्या, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांची पदवी माहेरच्या नावावर, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं. आमच्या नियमात पोलिसांकडची हरवल्याची नोंद मागायची. अख्खं शहर पाण्यात गेलेलं, नोंद कुणाकुणाची करणार? मी कुलगुरूंना टिपणी ठेवली की तलाठ्याचा पंचनामा ग्राह्य धरावा आणि शुल्क माफ करावं. दोन दिवसांत मंजुरी आली. बाईंची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरातच मिळाली, संगणकात ते वर्ष अजून चढलंच नव्हतं.

तुमच्या पहिल्या बदलीच्या वेळी पसंती विचारली तर सगळे आस्थापना किंवा वित्त मागतील. तुम्ही अभिलेख कक्ष मागा, दोन वर्षं तरी. रजिस्टरं जमिनीपासून हातभर वर ठेवा, भिंतीला टेकवू नका. आणि एखादं आडनाव तुम्हाला चुकीचं वाटलं तर ते सुधारण्याआधी त्या मुलाला फोन करून विचारा.