टमी टकनंतरची सूज

ताई, टमी टकनंतर (पोटावरची जादा कातडी-चरबी काढायची शस्त्रक्रिया) तिसऱ्या आठवड्यात पोट सकाळी सपाट आणि संध्याकाळी टम्म दिसतं, ते नेहमीचंच. छेद घेताना लसिकावाहिन्या (अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) कापल्या जातात, म्हणून टाक्यांच्या वर पाणी साचतं. पूर्ण ओसरायला 6 ते 12 महिने लागतात. पोटाचा पट्टा साधारण 6 आठवडे लावा. त्याला सुरकुती पडू देऊ नका, वळ उठतो. ड्रेन (साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी) सहसा त्यातलं पाणी 24 तासांत 30 मिलीच्या खाली आल्यावर काढतात, तेव्हा रोजचा आकडा लिहाच. सुन्न कातडीवर गरम पिशवी मुळीच नको, भाजलेलं कळत नाही. मिठाने सूज वाढते, म्हणून लोणचं-पापड कमी. पुण्याच्या खड्ड्यांतून दुचाकी तर इतक्यात नकोच. पोटात पाणी डचमळल्यासारखं वाटलं तर सेरोमा (कातडीखाली साचलेलं पाणी) असू शकतो, सर्जनना दाखवा. एकच पोटरी सुजून दुखली तर लगेच हॉस्पिटल गाठा. धाप लागली तर थेट 108.