बीएस्सीनंतर एमएस्सी, बीएड की एमपीएससी? दिग्रस तालुक्यातल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यातलं गाव, बीएस्सी केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी, शेवटचं सेमिस्टर, अमरावती विद्यापीठ, प्रवर्ग विजा-अ (विमुक्त जाती), समाज बंजारा, घरी पाच एकर कोरडवाहू वावर. घरचे विचारतात, एमएस्सी, बीएड की पुण्याला जाऊन एमपीएससी?

माझं मत आधी सांगतो. तिन्हींपैकी कशालाही लगेच हो म्हणू नका. निकालानंतरचे पहिले दोन महिने कागदांना द्या. मग एकाच अभ्यासावर देता येतील अशा परीक्षांचा गट धरा, त्याला शेवटची तारीख लावा आणि तेवढ्या काळात खर्चापुरते पैसे सुटतील अशी सोय बघा. आपल्याकडे पोरगं "तयारी करतोय" म्हटलं की घरच्यांचे प्रश्न बंद होतात, आणि त्याचाच घात होतो.

कागद. निकाल लागला की कॉलेजातून टीसी आणि विद्यापीठाचं तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र काढून ठेवा. दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्रही लागतं. पदवीदानाचे अर्ज सुटले की तेव्हाच भरा, मागाहून काढायला अमरावतीच्या चकरा पडतात. गुणपत्रिकेवरची निकालाची तारीख नीट बघा. एमपीएससीची पूर्वपरीक्षा शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते, पण मुख्य परीक्षेचा अर्ज भरायच्या मुदतीपर्यंत पदवी हातात हवी. बँकांच्या जाहिरातीत पात्रतेची एक ठराविक तारीख असते आणि निकाल त्या तारखेच्या आत जाहीर झालेला लागतो. एक विषय राहिला आणि निकाल दोन दिवस उशिरा लागला तरी ते वर्ष गेलं.

जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे समितीने जुने पुरावे तपासून तुमची जात खरी असल्याचा दिलेला दाखला. बीएस्सीला कुणी मागितलं नाही म्हणून बहुतेकांचं राहून जातं, आणि निवड झाल्यावर धावपळ सुरू होते. विजा-भज, म्हणजे विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी, २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. (ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०.) आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. नसतील गेले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजी, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंचं जुनं रजिस्टर, शोधायची. तिथे गावाचं नाव, आजोबांच्या वडिलांचं नाव आणि जन्माचं अंदाजे साल लिहून अर्ज द्यावा लागतो. साल माहीत नसेल तर पाच-सात वर्षांचा पट्टा लिहा, नाहीतर "नोंद आढळून येत नाही" असा शेरा मिळतो आणि तो पुढे तुमच्याच विरोधात जातो. उतारा हातात आला की खिडकीवरच वाचा. नाव "नामा" आणि आजच्या कागदावर "नामदेव" असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र जोडावं लागतं. आणि जातीच्या रकान्यात "बंजारी" आहे की नक्कल करणाऱ्याने "वंजारी" केलंय, हे भिंग लावून बघा. वंजारी भज-ड मध्ये येतात, त्यामुळे एवढ्या एका अक्षरावर प्रकरण समितीपुढे अडकतं. वडील, काका, आत्या, सख्खा भाऊ यांपैकी कुणाकडे वैधता असेल तर वंशावळीच्या शपथपत्रासोबत तीच आधी लावा, काम बरंच सोपं होतं. अशा शपथपत्रांना स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतात. सेतूवाल्याने पाचशेचा मागितला तर तसं सांगा.

आता तुमच्या प्रवर्गातली हमखास होणारी गफलत. राज्याच्या यादीत बंजारा विजा-अ आहेत, केंद्राच्या यादीत ते ओबीसी आहेत. बँका, एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन), रेल्वे, पोस्ट या सगळ्यांना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमिलेअर लागतं. सेतूवर "नॉन-क्रिमिलेअर काढून द्या" म्हटलं की ते राज्याचंच काढतात. केंद्रासाठीचा अर्ज वेगळा आहे, तो नाव घेऊन मागा आणि दोन्ही काढून ठेवा. मुदत आर्थिक वर्षाला बांधलेली असते. ३१ मार्चला संपलं आणि तुमचा अर्ज एप्रिलचा असेल, तर जुनं प्रमाणपत्र दाखवून उपयोग नाही.

आता परीक्षा. इथे निवड वयाच्या मर्यादेवरून करा, आवडीचं नंतर बघू. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. म्हणजे ती वाट अजून वीस वर्षं उघडी आहे, आणि म्हणूनच पोरं तिच्यात अडकतात. ग्रामीण बँकेच्या कार्यालय सहायकाला २८ ची मर्यादा आहे, केंद्राच्या ओबीसी सवलतीने ३१. जी वाट आधी बंद होते ती आधी चाला.

ग्रामीण बँकेचं थोडं खोलात सांगतो, कारण आपल्या भागातली मुलं "बँकेला इंग्रजी लागतं" म्हणून ती सोडून देतात. आयबीपीएस या बँक भरतीच्या संस्थेच्या आरआरबी (ग्रामीण बँक) परीक्षेत कार्यालय सहायकाच्या पूर्वपरीक्षेला इंग्रजीचा पेपरच नाही. बुद्धिमत्तेचे ४० आणि अंकगणिताचे ४०, असे ८० प्रश्न ४५ मिनिटांत, आणि पेपर मराठीतून देता येतो. मुख्य परीक्षा २०० गुणांची. तिच्यात इंग्रजी किंवा हिंदी यांपैकी एक निवडता येतं. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. या पदाला मुलाखत नाही. आपली विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे, त्यामुळे जागा आता राज्यभरासाठी एकत्र निघतात आणि नेमणूक दूरच्या जिल्ह्यातही होऊ शकते.

यात मुलं गणितामुळे नापास होत नाहीत, वेळेमुळे होतात. ४५ मिनिटांत ८० म्हणजे प्रश्नाला ३४ सेकंदही नाहीत. ३० पर्यंतचे वर्ग, २० पर्यंतचे घन, शेकडेवारीचे अपूर्णांक (साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश) हे तोंडपाठ लागतं. सरळरूप आणि संख्यामालिका आधी सोडवा, शाब्दिक उदाहरणं शेवटी. बुद्धिमत्तेत बैठक व्यवस्थेचं कोडं दोन मिनिटांत जुळत नसेल तर सोडा. रोज एक पूर्ण सराव चाचणी मोबाईलवर घड्याळ लावून द्या. नुसते व्हिडिओ बघून वेग येत नाही. हाच अभ्यास आयबीपीएस क्लार्क आणि एसएससीला चालतो, तिथे इंग्रजी तेवढं वाढवावं लागतं.

दुसरा गट तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि जिल्हा परिषदेची पदं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन-गणित, प्रत्येकी २५ प्रश्न. वजा गुण नव्हते, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. या गटाची अडचण अभ्यासाची नाही, जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून एकट्या तलाठीवर बसू नका, बँकेच्या गणितावर मराठी व्याकरण आणि राज्याचं सामान्य ज्ञान चढवून ती जोडीला ठेवा.

एमपीएससी द्यायचीच असेल तर बीएस्सीवाल्याने वनसेवेकडे बघावं. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या पदांना विज्ञान शाखेचीच किंवा तत्सम पदवी लागते, त्यामुळे कलाशाखेची मोठी गर्दी तिथे नसते. तुमचं बॉटनी-झूलॉजी तिथे कामाला येतं. पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर चालावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं, पण सराव नसला की पंधराव्या किलोमीटरला पायाला फोड येतात.

पुण्याला जाऊ नका, निदान पहिलं वर्ष तरी. खोली, मेस आणि अभ्यासिका धरून महिना दहा-बारा हजारांच्या आत निघत नाही. पाच एकर कोरडवाहूत कापूस-सोयाबीनवर वर्षभराच्या या खर्चाएवढे सुटत नाहीत हे घरच्यांना माहीत असतं, तरी ते पाठवतात, आणि मग दुसऱ्या वर्षी वावर गहाण पडतं. क्लास हवाच असेल तर नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेचं मोफत प्रशिक्षण ओबीसी, विजा-भज आणि विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी आहे. चाळणी परीक्षा असते, निवड झाली तर विद्यावेतनही मिळतं. (अनुसूचित जातींना बार्टी, मराठा-कुणबींना सारथी, आदिवासींना टीआरटीआय.) पूर्वपरीक्षा एकदा स्वतःच्या बळावर निघाली की मुख्य परीक्षेपुरतं पुण्याला जा.

बीएडबद्दल एक गोष्ट अजून बऱ्याच घरांत पोचलेली नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही, तिथे डीएड लागतं. तुमच्यासाठी उरतं ते सहावी ते आठवी गणित-विज्ञान, टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) दुसरा पेपर पास असेल तर, आणि त्यापुढे नववी-दहावी. टीईटीला १५० पैकी खुल्याला ९० आणि तुम्हाला ८२ गुण लागतात. त्यानंतर शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी आणि तिच्या गुणांवर भरती होते ते पवित्र पोर्टल. ही चाचणी झाली २०१७ ला, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. बीएडची दोन वर्षं आणि हे अंतर बेरजेत धरा. गणित-विज्ञानाला जागा असतात, त्यामुळे शिकवायची खरंच आवड असेल तर बीएड वाईट नाही. पण "संस्थेत बोलणी झालीय, वावर विकून डोनेशन भरू" या वाटेला जाऊ नका. पैसे गेल्यावर मान्यता येईलच असं नाही, आणि नागपूर विभागातलं बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतला क्रमांक) प्रकरण २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलंय.

एमएस्सी करायची तर केमिस्ट्रीच. औषध आणि रसायन कंपन्यांत प्रयोगशाळेची कामं तिच्यावर मिळतात. बॉटनी-झूलॉजीत एमएस्सी करून नेट-सेट (प्राध्यापक पात्रता परीक्षा) नसेल तर कॉलेजात तासिका तत्त्वावर राबावं लागतं.

पैशांची सोय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन होतं, आधी सहा महिने, नंतर अकरा. तुमच्या तालुक्यात सध्या जागा घेताहेत का ते कौशल्य विकासच्या जिल्हा कार्यालयात विचारा. त्यावर पुढे कायम होण्याचा हक्क लागत नाही, फक्त अभ्यासाचा खर्च निघतो.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाही ते. तुमच्या पदवीवर कृषी केंद्राचा परवाना मिळतो. कीटकनाशक विक्रीला केमिस्ट्री, बॉटनी किंवा झूलॉजी घेऊन झालेली बीएस्सी चालते, खताला केमिस्ट्रीची चालते, बियाण्याला शैक्षणिक अट नाही. तिन्हींचे परवाने वेगवेगळे असतात. जागेचा करारनामा, नकाशा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, आणि मुख्य म्हणजे कंपन्यांची उगम प्रमाणपत्रं (आपला माल विकायला कंपनीने दिलेली संमती) लागतात. ज्या कंपनीचं उगम प्रमाणपत्र परवान्यात चढवलेलं नाही तिचा एक डबा जरी फळीवर सापडला तरी निरीक्षक विक्रीबंद आदेश देतो, आणि नव्या दुकानदाराला बहुतेकदा हेच नडतं. मुदत संपलेला माल वेगळा ठेवून वर "विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावा. बिलावर बॅच किंवा लॉट नंबर आणि शेतकऱ्याची सही हवीच, कारण उगवण झाली नाही की तक्रार बिलावरूनच चालते.

धंद्याचं गणित उधारीत बसतं. बियाणं आणि पहिला खताचा डोस जूनमध्ये जातो, पैसे येतात सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरात आणि कापूस वेचल्यावर डिसेंबरपर्यंत. सहा महिन्यांचं भांडवल अडकून पडतं. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची, तिच्यात हमाली जाऊन हाती काहीच राहत नाही, आणि युरियासोबत कंपनी नको असलेला मालही गळ्यात मारते. नफा कीटकनाशकं आणि विद्राव्य खतांत असतो. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून जिल्हा उद्योग केंद्रामार्फत कर्ज घेतलं तर ग्रामीण भागात मागासवर्गीयाला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे ५ टक्के असं गणित आहे, पण दुकानाचा प्रकल्प बसतो का ते आधी तिथेच विचारून घ्या. आणि कुणी "तुझी डिग्री दे, दुकान मी चालवतो, महिन्याला इतके देतो" म्हणत आलं तर दारातूनच परत पाठवा. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तेव्हापासून तपासण्या कडक आहेत, आणि गुन्हा परवान्यावर ज्याचं नाव त्याच्यावर दाखल होतो.

वैधता काढली आहे का, घरात आणखी कुणाकडे आहे का, आणि दहावीला गणितात किती होते, एवढं लिहा. मग बँक आधी की वनसेवा, ते नेमकं सांगता येईल.